वीसपैकी अकरा

"अकरा," डॉक्टर हॅव्हर्टी म्हणाल्या. "वीस शब्दांपैकी तुम्हाला अकरा आठवले, मिस्टर पेटवे."

"वाईट आहे ना?" व्हर्नेलनं विचारलं. त्याच्या आवाजात एवढी आशा होती की कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या अर्लीनला धाकट्या भावाच्या डोक्यात एक टपली मारावीशी वाटली.

"चांगलं नक्कीच नाही. तुमच्या वयाच्या माणसाला पंधरा-सोळा तरी आठवायला हवेत."

व्हर्नेलनं वळून बहिणीकडे पाहिलं. बघ, मी सांगत नव्हतो? असा चेहरा. त्रेचाळीस वर्षांचा धिप्पाड गडी, मांडीएवढी मान, एक गुडघा धातूचा, आणि परीक्षेत नापास झालो म्हणून पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

"मग द्या ना लिहून," तो म्हणाला. "दोन ओळी पुरेत. या माणसाच्या डोक्यात बिघाड झालाय, हा मुद्दाम विसरत नाही. बस्स. खाली तुमची सही."

त्या दोन ओळी कुणासाठी हव्या होत्या ते अर्लीनला ठाऊक होतं. व्हर्नेलची एकुलती एक लेक ब्रिआ अटलांटाला राहायची. एप्रिलमध्ये तिचं लग्न झालं. बापानं हात धरून तिला चर्चमध्ये न्यायचं होतं, आणि बाप आलाच नाही. वीस मिनिटं वाट पाहून शेवटी अर्लीननंच तिचा हात धरला. त्यानंतर बापलेकीचं बोलणं एकदाच झालं. ब्रिआ म्हणाली, "डॅडी, तुमच्याकडे कारण नेहमीच असतं. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय. डॉक्टरकडून लिहून आणा, मग बोलू." आणि तिनं फोन ठेवला. तोंडानं बोलून गेली असेल पोरगी. पण व्हर्नेलनं ते मनावर घेतलं आणि चार महिने या दिवसाची वाट पाहिली.

डॉक्टरबाईंनी टेबलावरची दुसरी फाइल पुढे ओढली. त्यांचा चेहरा काही वाईट नव्हता. दमलेला होता.

"अडचण इथे आहे. तुम्ही फुटबॉल खेळत होता तेव्हा दर जुलैला संघाच्या शिबिरात हीच परीक्षा घ्यायचे. ते कागद मी मागवून घेतले. पहिल्या वर्षी अकरा. दुसऱ्या वर्षी दहा. मग अकरा, अकरा, बारा. नऊ वर्षं हेच. म्हणजे तुमची स्मरणशक्ती आधीपासूनच बेताची होती, असं कागद म्हणतात. मला लिहावं लागेल की पूर्वीच्या मानानं काही फरक नाही."

मग व्हर्नेल हसला. विनोद आपल्यावरच उलटला की माणूस हसतो तसा.

"ते मुद्दाम होतं," तो म्हणाला.

"काय मुद्दाम?"

"ते चुकणं."

आणि मग जे अर्लीनला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं ते बर्मिंगहॅमच्या त्या गारढोण खोलीत तिनं ऐकलं. पहिल्याच वर्षी बक लेथननं त्याला शिकवलं होतं. बक म्हणजे व्हर्नेलच्या पुढे धावून त्याच्यासाठी वाट फोडणारा गडी, संघातला सगळ्यात जुना खेळाडू. तो नव्या पोरांना बाजूला घेऊन सांगायचा, 'जुलैत मूर्ख ठरा, म्हणजे ऑक्टोबरात शहाणे ठराल.' जुलैतला आकडा हे माप. ऑक्टोबरात डोक्याला दणका बसला की परत तीच परीक्षा, आणि आकडा मापापेक्षा खाली आला की बसवलं बाहेर. एकदा बाहेर बसलं की मागचा पोरगा आपल्या जागेवर आलाच समजा. म्हणून मापच खाली ठेवायचं. फार नाही, नाहीतर संशय येतो. वीसपैकी अकरा झकास.

"सगळेच्या सगळे वीस पाठ असायचे मला," व्हर्नेल म्हणाला. "कुठले नऊ गाळायचे ते ठरवून गाळायचो. घोडा, खिडकी हे ठेवायचे. मेणबत्ती गाळायची."

"आज मेणबत्ती आठवली?" बाईंनी विचारलं.

आज मेणबत्ती होती हेच त्याला माहीत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तुमच्यासारखे बरेच जण मला हेच सांगतात. मी विश्वासही ठेवते. पण विश्वासावर मला लिहिता येत नाही. बक लेथन लिहून देतील का?"

"बकला जाऊन सहा वर्षं झाली."

"मग एक वर्षानं परत या," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आजचा आकडा तरी खरा आहे. पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून बघू."

म्हणजे आणखी बिघडा आणि मग या. अर्लीननं पर्स उचलली, बाईंचे आभार मानले. आईनं शिकवलेले आभार कुठेही सुटत नाहीत.

परतीचा रस्ता दोन तासांचा होता. अर्लीननं एकतीस वर्षं टॅलो क्रीकच्या शाळेची पिवळी बस चालवली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी शाळेच्या बसच्या नियमाप्रमाणे रेल्वेचं फाटक आलं की ती आपली जुनी गाडी पूर्ण थांबवायची, काच खाली करायची आणि आगगाडीचा आवाज येतोय का ते ऐकायची. मागचे लोक भोंगे वाजवायचे. वाजवू देत.

"पोरं नाहीयेत गाडीत," व्हर्नेल म्हणाला.

"एक आहे," ती म्हणाली.

तो हसला नाही. खिडकीतून कापसाच्या शेतांकडे बघत राहिला. त्या बाजूला शेतं संपून जंगल लागलं तरी बघत होता.

नऊ वर्षं तो धावला. अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅकचं काम सांगायला अगदी सोपं. चेंडू पोटाशी घ्यायचा आणि वाट अडवून उभ्या असलेल्या अकरा माणसांत डोकं खाली घालून घुसायचं. गर्दीत शिरताना दोन्ही हात चेंडूवर, हे शाळेतल्या कोचनं त्याला मारून मुटकून शिकवलं होतं. तीन यार्ड मिळाले तर ठीक, चार मिळाले तर शाबासकी. उठायचं, परत घुसायचं. सतराशे-अठराशे वेळा तो असा घुसला असेल. गावाला मात्र एकच धाव आठवते, डिसेंबरातल्या चिखलात काढलेली एकाहत्तर यार्डांची. पेट्रोल पंपावर अजून म्हातारे त्याला 'अठ्ठावीस' म्हणून हाक मारतात, तो त्याच्या पाठीवरचा आकडा. पाठीवर थाप मारतात, ती एकाहत्तर यार्डं त्यालाच परत सांगतात आणि आपापल्या घरी जातात. तो घरी जातो तेव्हा घरात कुणी नसतं. त्याची बायको रोशेल लेकीला घेऊन अटलांटाला गेली त्याला आता चौदा वर्षं झाली.

त्या दिवसांत टॅलो क्रीकचे पाद्री रविवारचं प्रवचन चक्क आटोपतं घ्यायचे. देवाला बाराच्या सामन्याची कल्पना आहे, म्हणायचे. चर्चच्या मागच्या खोलीत टीव्ही लागायचा, तळलेल्या मासळीचा वास सुटायचा. आई पहिल्या रांगेत बसायची आणि डोळे गच्च मिटून घ्यायची. सगळा सामना मिटलेल्या डोळ्यांनी. माणसांचा ढीग पडल्याचा आवाज आला की विचारायची, "उठला का गं तो?" अर्लीनचं काम एवढंच. "उठला, आई." कधीकधी तो लगेच उठत नसे. तेव्हाही अर्लीन सांगायची, "उठला, आई." मग खरंच उठेपर्यंत ती टीव्हीवरून नजर हलवत नसे.

ब्रिआचा वाढदिवस नोव्हेंबरात, म्हणजे ऐन हंगामात. बाप कधीच घरी नसायचा. अर्लीन दरवर्षी कार्ड आणायची, त्यावर 'तुझा डॅडी' असं लिहायची आणि पाठवून द्यायची. नऊ वर्षांची असताना पोरगी एकदा म्हणाली, "आत्या, डॅडीचं डी हे अक्षर तुझ्यासारखंच कसं गं?" अर्लीनला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. एप्रिलमध्ये तिनं ब्रिआला फोन करून सांगितलं होतं, तुझ्या बापाची तब्येत ठीक नाही. ब्रिआ म्हणाली, "आत्या, तू त्यांची कार्डं लिहीत होतीस."

आणि त्याचा खेळ संपला तोही किती साधेपणानं. तिसावं लागलं होतं. सकाळी नाश्त्याच्या टेबलापाशी एक सदरा इन केलेला माणूस आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कोचनी बोलावलंय. डावांची वही बरोबर घे." वही बरोबर घे म्हटलं की संघातून काढलं, हे कळतं. वाद नाही, निरोप नाही. चारशे डाव त्या वहीत होते आणि चारशेच्या चारशे त्याला तोंडपाठ होते. वही ठेवून आला. त्याच रात्री गाडी चालवत घरी आला आणि दोन महिने फोन उशाशी घेऊन झोपला, दुसरा कुठला तरी संघ बोलवेल म्हणून. बोलावलं नाही कुणी.

पुढचं फाटक आलं. अर्लीननं गाडी थांबवली, काच खाली केली.

"लग्नाच्या दिवसाचं तिला सांगायचंस," ती म्हणाली.

"चिठ्ठीशिवाय कसं सांगू? बहाणा वाटेल."

"वाटू दे. मी सांगितलं असतं, पण तू मला आईच्या बायबलवर हात ठेवून गप्प राहायची शपथ घ्यायला लावलीस. आणि माझं ती ऐकणारही नाही. तुझं तू सांग. सगळं. ते शिबिराचंसुद्धा."

मागून भोंगा वाजला. रूळ मोकळे होते. तिनं गाडी पुढे घेतली.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. व्हर्नेल जुलैपासून अर्लीनकडेच राहत होता, चुलीवर भांडं ठेवून झोपी गेल्यापासून. तिनं मासळीला मक्याचं पीठ लावायला घेतलं. तो पोर्चवर गेला. स्वयंपाकघर आणि पोर्च यांच्यामध्ये जाळीचं दार होतं, त्यातून तिला सगळं दिसायचं. तो खुर्चीवर बसला, सदऱ्याची कॉलर नीट केली, वरचं बटण लावलं. फोनवर बोलायला कॉलर कशाला रे बाबा, असं तिला वाटलं. त्याचा डावा कान गेलेला होता, म्हणून तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवायचा. घंटा वाजत राहिली. मग ब्रिआच्या आवाजातलं ते ठरावीक वाक्य, निरोप ठेवा.

"ब्रिआ, डॅडी बोलतोय," तो म्हणाला. "आज बर्मिंगहॅमला डॉक्टरकडे गेलो होतो. चिठ्ठी मिळाली नाही. चूक माझीच आहे. खेळत होतो तेव्हा मी मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायचो, म्हणून आता खरोखर चुकलो तरी कागदावर दिसत नाही." इथे त्यानं घसा खाकरला. "तुझ्या लग्नाच्या दिवशी मी करडा सूट घातला होता. तू पाठवलेलं पांढरं फूल लावलं होतं. अटलांटाची पाटी मी वाचली, बाळा. वाचली आणि पुढे गेलो. मला वाटलं जुलै आहे, शिबिराला हजर व्हायचंय. पुढे दोन तास गेलो. शिबिर भरायचं त्या कॉलेजच्या फाटकाला कुलूप होतं. मी तिथे बसून राहिलो. दुपारी राखणदार आला, म्हणाला, इथे दहा वर्षांत शिबिर भरलं नाही. तेव्हा मी फुलाकडे बघितलं. एवढंच. तू उलट फोन केला नाहीस तरी चालेल."

त्यानं फोन मांडीवर ठेवला. आत येऊन हात धुतले आणि दोन माणसांचं जेवला. मासळी, कोबी, मक्याचा पाव, वर गोड चहा.

"सांगून टाकलं बघ," म्हणाला. "छातीवरचा दगड उतरला."

"शहाणा माझा भाऊ," अर्लीन म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. बऱ्याच महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

जेवून तो पोर्चवर गेला. ती भांडी घासायला लागली. ऊन अजून अंगणात होतं. नळ बंद केला तेव्हा तिला ऐकू आलं, "ब्रिआ, डॅडी बोलतोय. आज बर्मिंगहॅमला डॉक्टरकडे गेलो होतो."

काही सांगायचं राहिलं असेल, असं तिला आधी वाटलं. मग तिनं ऐकलं. चिठ्ठी मिळाली नाही. चूक माझीच आहे. त्याच जागी घसा खाकरला. करडा सूट, पांढरं फूल, कुलूप, राखणदार. शब्द इकडचा तिकडे नाही. ओल्या हातानं ती तशीच उभी राहिली. हातावरून पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

फोन मांडीवर ठेवून तो अंगणाकडे बघत बसला. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग त्यानं कॉलर नीट केली.

अर्लीननं जाळीचं दार उघडलं. "व्हर्न."

त्यानं बोट वर करून तिला थांबवलं. "आत्ता नको. आत्ता धीर गोळा केलाय, आत्ताच सांगून टाकतो तिला. नाहीतर राहूनच जाईल."

आता याला काय सांगायचं? सांगून झालंय तुझं, दोनदा झालंय? त्या चेहऱ्यावर जी हिंमत गोळा झाली होती ती बघितल्यावर अर्लीन मागे सरली. तिनं दार लोटून घेतलं. तिसऱ्यांदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा ती जमिनीवरच बसली होती, चुलीला टेकून, पदराला हात पुसतात तसे ॲप्रनला हात पुसत, कोरडे झाले तरी पुसत.

तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन थरथरला. ब्रिआ.

"आत्या," ब्रिआ म्हणाली.

"बोल बाळा."

"मी कामावर होते. आत्ता बाहेर आले. चार निरोप आहेत. पहिला ऐकला आणि मला राग आला, म्हटलं आता ही नवीन गोष्ट रचली. दुसरा लागला तेव्हा वाटलं फोनच बिघडलाय, तोच परत वाजतोय. पण वेळ वेगळी आहे, आत्या. मागे कुत्रा भुंकतोय, तो पहिल्यात नाहीये." तिनं श्वास घेतला. "आणि घसा तिथेच खाकरतात. चारही वेळा तिथेच. असं कुणाला मुद्दाम करता येतं का?"

"नाही," अर्लीन म्हणाली.

"त्यांना कळतंय का?"

"नाही गं. प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतोय तो. प्रत्येक वेळी तेवढाच धीर गोळा करतोय."

पलीकडून रडण्याचा आवाज आला, तोंडावर हात दाबून धरलेला. अर्लीननं रडू दिलं. तिला स्वतःलाही जाळीतून नीट दिसत नव्हतं.

"आत्ता कुठे आहेत?"

"पोर्चवरच. कॉलर नीट करतोय."

"मग फोन ठेव, आत्या," ब्रिआ म्हणाली. "लवकर ठेव."

अर्लीननं फोन ठेवला. बाहेर व्हर्नेलनं वरचं बटण चाचपलं, आकडे दाबले, फोन समोर धरला. एक घंटा वाजली. दुसरी पुरती वाजलीच नाही.

"हॅलो, डॅडी."

तो दचकून उभाच राहिला. धातूचा गुडघा कटकन वाजला. इतका वेळ एका हातात असलेला फोन त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि छातीशी घेतला.

"ब्रिआ? तू... तू उचललास. मला वाटलं निरोपच ठेवावा लागणार." त्याचा चेहरा उजळला आणि मग त्यावर एक शंका येऊन गेली. "मला तुला काहीतरी सांगायचंय बाळा. हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं ना?"

"नाही, डॅडी. पहिल्यांदाच ऐकतेय. सांगा."

व्हर्नेल परत खुर्चीत बसला आणि त्यानं बर्मिंगहॅमपासून सांगायला सुरुवात केली.